दिवाणाचे शटडाऊन

मनुष्याची प्रगती ही मुख्यतः वस्तूंना काहीतरी चोपडण्यातून झालेली आहे. भिंतीला चुना, लोखंडाला रंग, लाकडाला वार्निश आणि बाळाला तेल. यांपैकी पहिल्या तीन गोष्टी चौथ्याच्या पोटात जाऊ नयेत, एवढीच काय ती सुधारलेल्या समाजाची अपेक्षा असते.

भिलाईच्या सेक्टरातल्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्या गीतांजलीची (एम.एस्सी., रसायनशास्त्र, प्रथम श्रेणी) अपेक्षाही याहून मोठी नव्हती. परंतु तिच्या दहा महिन्यांच्या उन्नतीला दोन दात आले आणि तिने बैठकीतल्या सागवानी दिवाणाची कड चघळायला घेतली. गीतांजलीने आठवडाभर वहीत नोंदी ठेवल्या. दिवसाला सरासरी चौदा वेळा, दर वेळी चाळीस सेकंद. (नवऱ्याच्या, म्हणजे प्रवीणच्या, सुटीच्या दिवशी एकवीस वेळा. त्या दिवशी मुलीवर लक्ष वडिलांचे असते.) वार्निशच्या डब्यामागचा बारीक मजकूर या घरात आजवर फक्त तिनेच वाचला होता, आणि तेव्हापासून तिला जेवण जात नव्हते.

"मामाजी, पोरगी वार्निश खाऊन राहिली!" तिने सासऱ्यांना सांगितले.

"खाऊ दे ना," रामाजी म्हणाले. "दिवाणाले काही होत नाही. पक्का सागवान आहे."

रामाजी छत्तीस वर्षे भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या मेंटेनन्समध्ये होते. दर दिवाळीला दिवाणावर वार्निशचा एक हात मारणे हा त्यांचा कुळाचार. असे सदतीस हात झाले होते. (मूळ दिवाण आत कुठेतरी असावा.) तरी सुनेचा चेहरा पाहून त्यांनी नव्या, बिनविषारी रंगाला तत्त्वतः मान्यता दिली. मात्र कारखान्याच्या शिस्तीप्रमाणे परमिटशिवाय काम नाही. त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर परमिट लिहिले: कामाचे ठिकाण – दिवाण; संभाव्य धोका – उन्नती; जबाबदार व्यक्ती – मी स्वतः. दिवाणाच्या पायाला लाल चिंधी बांधून शटडाऊन, म्हणजे वापर बंद, जाहीर झाले.

रंगावर तीन बैठका झाल्या. गीतांजलीला पिवळा हवा होता.

"कारखान्यात पिवळी लाइन गॅसची असते. गॅसच्या लाइनवर बसते का कोणी?"

"मग निळा?"

"हवेची."

"हिरवा तरी?"

"पान्याची. पोरगी बसल्या बसल्या ओलं करनच."

शेवटी पांढरा ठरला, कारण पांढऱ्या पाइपातून काय जाते ते रामाजींना आठवेना.

सिव्हिक सेंटरच्या बाजारातल्या रंगाच्या दुकानदाराने बजावले होते की वार्निशवर रंग धरत नाही, आधी घासावे लागते. म्हणून मायलेकींना आतल्या खोलीत बंद करून, दाराच्या फटीला ओला टॉवेल लावून, रामाजींनी तीन दिवस पॉलिश पेपर चालवला. चौथ्या दिवशी धूळ पुसल्यावर गीतांजली पाहणीला आली. खालून तिसऱ्या थराशी, त्याच कडेवर, दोन-दोन बारीक खड्ड्यांची रांग होती.

"मामाजी, हे दातांचे ठसे?"

"प्रवीणचे," रामाजी अभिमानाने म्हणाले. "तवा दोनच दात होते त्याले."

"मग तुम्ही काय केलं?"

"काय करतो? वार्निश मारलं."

गीतांजलीने स्वयंपाकघरात जेवत बसलेल्या नवऱ्याकडे पाहिले. तिसरी हाक मारल्यावर ऐकू येणे. समोर टांगलेला टॉवेल न दिसणे. दूध उतू जात असताना त्याकडे शांतपणे पाहत उभे राहणे. चार वर्षांच्या संसारातल्या बऱ्याच गोष्टींचा एकाएकी उलगडा झाला.

"अशी काहून पाहून राहिली?" प्रवीणने विचारले.

"काही नाही. जेव तू."

(नमुना एकच असल्यामुळे निष्कर्ष प्रसिद्ध करण्यात आलेला नाही.)

प्रायमर झाला, रंगाचे दोन हात झाले. डब्यावर लिहिले होते: हाताला सहा तासांत कोरडा, पूर्ण पक्का एकवीस दिवसांत. तेव्हा एकवीस दिवस रामाजी समोर आपली खुर्ची टाकून, नातीला पायाशी घेऊन, पहाऱ्याला बसले. नजर दिवाणावरून हलली नाही. दिवाणाला एकदाही तोंड लागले नाही. घरात अशी शांतता पसरली की गीतांजलीला बाळंतपणानंतर पहिल्यांदाच दुपारची झोप मिळाली आणि नोंदींची वही बंद झाली.

बाविसाव्या दिवशी चिंधी सोडण्यात आली. गीतांजलीने उन्नतीला समारंभपूर्वक दिवाणापाशी उभे केले. उन्नतीने पांढऱ्या कडेकडे पाहिले, तोंड वाकडे केले आणि रांगत आजोबांच्या खुर्चीकडे गेली. ही खुर्ची दिवाणाच्याच जोडीची, सदतीस हातांची. तिचे पुढचे दोन पाय वीतभर उंचीपर्यंत कोरे सागवान दिसेस्तोवर साफ झाले होते. पॉलिश पेपरला ही सफाई जमली नव्हती.

"मामाजी!"

रामाजींनी वाकून पाहिले, मग चष्मा लावून कॅलेंडर पाहिले.

"खुर्ची परमिटात नव्हती," ते म्हणाले.

ही कथा वाचायला आपल्याला पाचेक मिनिटे लागली असतील. ज्या घरात रांगते मूल आहे तिथे पाच मिनिटे सलग वाचायला मिळणे ही साधी गोष्ट नव्हे. ती कशाच्या जोरावर मिळाली, हे आता उठून, जमिनीपासून वीतभर उंचीवर, पाहून घ्यावे.