अण्णा पुन्हा तलावात उतरले

धारला आमच्या शेजारी राहणारे अण्णा नवा माणूस भेटला की आधी तो पाण्यात तरंगेल की बुडेल, हे ठरवायचे. नाव, गाव, गोत्र मागाहून. नव्या न्यायाधीशांना तर त्यांनी पहिल्याच भेटीत, अगदी तोंडावर सांगितलं होतं, "साहेब, राग मानू नका, पण आपण बुडाल." मी लग्न होऊन देवासहून आले, तेव्हा मी माप ओलांडायच्या आत ते सासूबाईंना म्हणाले, "तरंगेल, वहिनी. काळजी नको."

अण्णा संस्थानच्या दफ्तरात हेडकारकून होते. वय अठ्ठेचाळीस, पोट बऱ्यापैकी, डोक्यावर पगडी. ऐन विशीत धारच्या मुंज तलावातली पोहण्याची शर्यत त्यांनी दोनदा जिंकली होती. मग नोकरी लागली, लग्न झालं, आणि चारचौघांत लंगोट लावून पाण्यात उडी मारणं हुद्द्याला शोभेना. पोहणं सुटलं, पण बोलण्यातलं पाणी काही आटलं नाही. अभिषेक करणाऱ्या भटजींना, जिलब्या पाडणाऱ्या हलवायाला, पोळ्या लाटणाऱ्या मला, सगळ्यांना त्यांचं एकच सांगणं, "हात चालू ठेवा!" एकदा आम्ही सगळे मिळून मांडूला गेलो. बाकीचे महाल बघत होते आणि अण्णा तळ्याच्या काठाकाठानं पावलं टाकत त्याची लांबी मोजत होते.

अण्णांची बायको, आमच्या काकू, वारल्या त्याला दोन वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. एका सकाळी अण्णा आमच्या ओसरीवर आले आणि मामंजींना म्हणाले, "यंदा शर्यतीत उतरतोय."

"कशाच्या?" मामंजींना वाटलं, बैलगाडीच्या.

झालं, तयारी सुरू झाली. अंगणातल्या बाकावर पालथं पडून अण्णा तासतासभर हात मारायचे. दम वाढावा म्हणून पाण्यानं भरलेल्या घंगाळात तोंड बुडवून बसायचे. पहिल्या दिवशी ते दूधवाल्यानं पाहिलं आणि चरवी टाकून तो आमच्या दारात येऊन ओरडला, "अरे भिया, दौडो! अण्णासाब घंगाळ में डूबी ग्या!" मामंजी धावले, खांदे धरून अण्णांना वर ओढलं. अण्णा भयंकर चिडले. "साठापर्यंत आलो होतो! आता पुन्हा एकपासून!"

दसऱ्यानंतर शर्यत झाली. तलावाच्या एका काठावरून निघायचं आणि समोरच्या घाटाच्या पायऱ्यांना हात लावायचा. उतरणारे तेरा जण, बहुतेक पलटणीतले तरणे शिपाई. समोरच्या घाटावर पुरुषमंडळी एका बाजूला आणि आम्ही बायका पिंपळाखाली. अण्णांनी आधीच आपला चष्मा मामंजींच्या हवाली केला होता.

कर्णा वाजला. अण्णा झकास निघाले. अर्धा तलाव होईतो ते चक्क तिसरे होते! आणि मग ते हळूहळू डावीकडे सरकायला लागले. घाट राहिला एकीकडे, अण्णा चालले धोबीघाटाकडे. लोक हसायला लागले. कोणीतरी मोठ्यानं विचारलं, "अण्णासाब, कपडा धोवा चाल्या कई?"

मामंजींनी हातातल्या चष्म्याकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अरे, ह्याला काठच दिसत नाहीये!"

पुरुष सगळे एकदम ओरडायला लागले. त्यात ढोल, त्यात हसणं. अण्णा पाण्यात थांबले. मान वळवून इकडे बघत, तिकडे बघत. त्यांचा चेहरा मला दिसला. गर्दीत आईचा हात सुटलेल्या पोरासारखा.

लग्नाला दोन वर्षं झाली होती, पण माझा आवाज सासरी धड कोणी ऐकला नव्हता. मान हलवून हो, मान हलवून नाही. त्या दिवशी मी काय केलं, ते मलाही मागाहून कळलं. पायरीवर पुढे जाऊन मी ओरडले, "अण्णा! उजव्या हाताला वळा! अण्णा, इकडे!"

पुरुषांच्या कल्लोळात माझा बारीक आवाज वेगळा पडला असावा. अण्णा वळले. मी थांबले नाही. ते पायरीला हात लावेपर्यंत "अण्णा, अण्णा" करत राहिले. तेरांत त्यांचा नंबर सहावा आला.

घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "भर तलावावर ओरडलीस? सुनेच्या जातीनं?" रात्रीचा स्वयंपाक मी रडतच केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा आले. अंगरखा, उपरणं, पगडी, जसे काही दरबारात निघालेले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"वहिनी, एक मागणं आहे. सूनबाईंना रागावू नका."



"आणि दुसरं..." अण्णा उपरण्याचं टोक चाळवत राहिले. "त्यांनी रोज सकाळी अंगणातून मला एकदा हाक मारावी. 'अण्णा, उठलात का?' एवढंच. ही गेल्यापासून घरात हाक मारणारं कोणी नाही. दफ्तरात सगळे रावसाहेब म्हणतात. पोहून तरी बघावं म्हटलं, काठावरून कोणी नाव घेईल. काल ऐकलं, वहिनी. कानात पाणी होतं, तरी ऐकलं."

सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "उद्यापासून विसरू नकोस गं."

अकरा वर्षं मी ती हाक मारली. सासरी मोठ्यानं बोलायची मुभा मला अशी मिळाली. एकदा आवाज फुटला तो पुढे घरात माझं मत विचारलं जाईपर्यंत गेला. त्याचे उपकार अण्णांचे, आणि ते मी फेडू शकले नाही.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली, त्यांच्या मोलकरणीनं सांगितली. अण्णा पहाटेच उठून, आंघोळ आटपून, कपडे करून दाराच्या आत उभे असायचे. हाक येईपर्यंत कडी काढायचे नाहीत.