मार्लिसचं हरीण

व्हर्जिलची बायको मार्लिस गेल्याचा दवाखान्यातून सकाळी फोन आला, आणि अंधार पडायच्या आत त्याच्या फ्रिजमध्ये बोट ठेवायला जागा उरली नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या त्या भागात कुणी गेलं की शेजारीपाजारी रडत बसत नाहीत, ओव्हन पेटवतात. दार ढकलायचं, चिकन-नूडल्सचं भांडं आत ठेवायचं, कुणी भेटलं तर खांदा थोपटायचा आणि निघायचं. दफन होऊन महिना होत आला तरी भांडी येतच होती.

त्या रविवारी मुलगी जनेल मिनियापोलिसहून जेवायला येणार होती. व्हर्जिलने ठरवलं, हरीण करायचं. ते हरीण मार्लिसनेच नोव्हेंबरात टिपलं होतं, सोललं होतं, तुकडे करून फ्रीझरमध्ये ठेवलं होतं. व्हर्जिलचं काम फक्त खायचं. जनेल मात्र लहानपणापासून नाक मुरडायची. "याला जंगलाचा वास येतो," म्हणायची आणि नुसता लोणी लावलेला ब्रेड खाऊन उठायची. "एकदा तरी हिला चवीने खाताना बघायचंय," असं मार्लिस शेवटपर्यंत म्हणत होती. तेवढं एक व्हर्जिलला करायचं होतं.

वास चरबीत असतो, एवढं त्याला बघून बघून माहीत होतं. शुक्रवारी त्याने पाठीचा लांबलचक तुकडा घेतला, पांढरी चरबी काढली, वरचा चंदेरी पापुद्रा सोलला आणि उरलासुरला वास जावा म्हणून तुकडा ताकात बुडवला. फ्रिजमध्ये जागा नव्हती म्हणून पातेलं पडवीत ठेवलं. जानेवारीत पडवी फ्रिजहून गार.

शनिवारी सकाळी बघतो तर ताकाच्या जागी दूध. व्हर्जिलला वाटलं, आपणच चुकलो. हल्ली त्याच्या हातून काहीही होत होतं. परवा त्याने कॉफीत मीठ घातलं होतं. त्याने मुकाट्याने दूध ओतून दिलं, तुकडा पुन्हा तासला आणि पुन्हा ताकात ठेवला.

दुपारी पडवीत खुडबुड ऐकू आली. मार्लिसचा भाऊ गॉर्डी बाह्या सारून पातेल्यात व्हिनेगर ओतत होता.

"ताकात कसलं ठेवतोस? बाळ आहे का ते?"

"सकाळी तर दुधात होतं."

"दूध कुणी घातलं?"

"मी घातलं," मागून आवाज आला. शेजारची आर्लिन आणखी एक भांडं घेऊन दारात उभी होती. "ताकाने आंबट होतं. आणि व्हर्जिल, चरबी अर्धीच काढली होतीस. मी काढली बाकीची."

"मीपण आत्ता काढली," गॉर्डी म्हणाला.

"होती कुठे काढायला?"

"शोधली."

तिघांनी पातेल्यात डोकावलं. काल हातभर असलेला तुकडा आता लहान मुलाच्या बुटाएवढा उरला होता.

"वास मात्र गेला हं," आर्लिन म्हणाली.

रविवारी व्हर्जिलने तो कांद्यावर, लोण्यात, आत जरा लालसर राहील असा भाजला. जनेलने एक काप खाल्ला, दुसरा घेतला, तिसऱ्यालाही नाही म्हणाली नाही. व्हर्जिल स्वतःचा घास चावत राहिला. वास नव्हता. चवही नव्हती. होता तो कांदा.

"बाबा, मस्त आहे. आर्लिनकाकूंनी पाठवलं?"

"हरीण आहे."

"काहीतरीच!"

"तुझ्या आईचं."

जनेलने ताट उचलून हुंगलं. "मग वास कुठे गेला?"

"काढला. तिघांनी मिळून."

तिने काटा खाली ठेवला. "बाबा, फ्रीझरमध्ये आईचं हरीण आहे हे ठाऊक होतं, म्हणून मी आज ते त्या वासासकट खायचं ठरवून आले होते रे. रस्ताभर मनाची तयारी केली. दार उघडल्यावर घरात तोच वास असेल वाटलं, आणि आहेत काय, तर नूडल्स!"

 व्हर्जिलने तिच्या ताटात आणखी एक काप वाढला.

"खांद्याचा तुकडा आहे अजून फ्रीझरमध्ये," तो म्हणाला.

"तो कशातही बुडवू नकोस."

"मी नाही बुडवणार. पण बाहेर काढला की ही दोघं येणार."

"मग दाराला कुलूप लाव की."

दाराला कुलूप होतं खरं, पण ते कधी लावलेलं व्हर्जिलला आठवत नव्हतं. त्याची किल्ली कुठे असते ते फक्त मार्लिसलाच ठाऊक होतं. दोघांनी संध्याकाळपर्यंत सगळे खण उपसले.

किल्ली अजून सापडलेली नाही. खांद्याचा तुकडा फ्रीझरमध्येच आहे.