राजश्री दिनकररावांचे दार बंद जाहले त्याची हकीकत

श्री विद्युद्देवता प्रसन्न. यंत्रारंभ शके चाळीस, अद्ययावतनाम संवत्सरे, आश्विन शुद्ध दशमी, विजयादशमीचा दिवस. या दिवशी राज्यात जे वर्तमान घडले ते पाहणारांनी पाहिले, ऐकणारांनी ऐकिले, आणि आम्ही पदरची मीठमिरची थोडकी घालून येथे लिहिले. वाचणारांनी जीव मुठीत धरून वाचावे.

त्या काळी राज्यात यंत्रांचा अंमल बसला होता. रयतेने हिशेब यंत्रास दिला, वाटा यंत्रास दिल्या, सोयऱ्याधायऱ्यांचे वाढदिवस यंत्रास दिले, आणि डोकी मोकळी करून निवांत बसली. या कारभाराचे बरेवाईट लोकांस समजावून सांगावे म्हणोन राजधानीच्या अखबारात राजश्री दिनकरराव उपळेकर यांस एक सदर बहाल होते. दर रविवारी दिनकरराव लिहीत आणि रयत चहाबरोबर वाची. कोणते यंत्र घरात आणावे, कोणास आपला गुप्त आकडा सांगू नये, चोर कोणत्या वाटेने येतो, हे त्यांस सारे मुखोद्गत. माणूस विद्वान, मनाचा निर्मळ, परंतु एक खोड अशी की जे लिहावयाचे ते आधी घरच्यांवर करून पाहावे. त्यामुळे त्यांचे कुटुंब सौभाग्यवती शालिनीबाई यांनी आजवर बोलणारा मिक्सर सोसला, झोप मोजणारी उशी सोसली, आणि अलीकडे दारावर बोट लावले की उघडणारे कुलूप आले तेही मुकाट्याने सोसले. जुने कुलूप आणि किल्ल्या दिनकररावांनी भंगारवाल्यास मोठ्या दिमाखात देऊन टाकिल्या, आणि त्याची तसबीर अखबारात छापिली.

दसऱ्यास हत्यारांची पूजा करावी हा त्या राज्याचा परिपाठ. दिनकररावांची हत्यारे म्हणजे यंत्रे. म्हणोन त्यांनी सकाळीच आपला मोबाइल, शालिनीबाईंचा मोबाइल आणि लिहावयाचा लॅपटॉप देवघरापुढे पाटावर मांडिला, झेंडूची फुले वाहिली, आणि पूजा उतरेपर्यंत कोणी हात लावू नये असा हुकूम फर्माविला. मग त्यांच्या मनात आले की दारावरचे कुलूप तेवढे पूजेवाचून का राहावे? मग ते हळदकुंकवाचे तबक घेऊन बाहेर आले आणि आतल्या बाजूस हाक दिली, "अहो, जरा या. आरती तुमच्या हातची हवी."

"कढई ठेवलीय पुऱ्यांची. तेल तापतंय," शालिनीबाई आतून बोलिल्या.

"एक मिनिटाचं काम आहे हो! मारुतराव फोटो काढायला उभे आहेत."

मारुतराव हजारे हे त्याच तिसऱ्या मजल्यावर समोरच्या घरचे शेजारी, गॅरेज चालविणारे, आपट्याची पाने घेऊन सोने द्यावयास आले होते. त्यांस मोबाइल घेऊन उभे केलेले पाहून शालिनीबाईंचा नाइलाज जाहला, आणि त्या हात पुसत बाहेर आल्या. आत राहिली ती नात रेवा, वय वर्षे पाच, चित्रे रंगवीत बसलेली. तिचे आईबाप एका लग्नास परगावी गेले होते. मग दिनकररावांनी कुलुपाचा निळा दिवा तसबिरीत यावा म्हणोन दार आपल्या हाताने ओढून लाविले, आणि ओल्या हळदीचे बोट आणि कुंकवाचे बोट कुलुपाच्या काचेवर भक्तिभावाने ओढिले, आणि वर तुपाच्या निरांजनाने ओवाळिले. तसबीर उत्तम आली.

मग दार उघडावयास त्यांनी आपले बोट त्या काचेवर ठेविले. दिवा लाल जाहला. पुन्हा ठेविले, पुन्हा लाल. मग उपरण्याने काच पुसली, तो हळद, कुंकू आणि तूप यांचा एक लगदा होऊन काचेच्या फटीत बसला, आणि कुलुपाने आतल्या आत एक शीळ घालून कोणाचेही बोट ओळखावयाचे सोडून दिले. दुसरा उपाय गुप्त आकड्याचा. तो आकडा दिनकररावांनी आपल्याच सदरातील उपदेशास जागून नुकता बदलिला होता, आणि डोक्यास त्रास नको म्हणोन मोबाइलात ठेविला होता. तो मोबाइल देवघरापुढे झेंडूखाली. मारुतरावांच्या मोबाइलवरून कुलुपाच्या कारखान्यास विचारिले, तो तेथील यंत्र गोड आवाजात म्हणाले की आपल्या नोंदलेल्या मोबाइलवर एक आकडा धाडिला आहे, तो सांगावा. आणि लगेच आत पाटावरून टिंग असा आवाज आला, तो तिघांनी दाराबाहेर उभे राहून ऐकिला.

"तेल," शालिनीबाई म्हणाल्या. एवढा एकच शब्द, तो ऐकताच दिनकररावांनी हातचे तबक खाली ठेविले.

आता सगळा भरवसा रेवावर. आतल्या बाजूने मूठ फिरविली की दार उघडते, हे तिला येत होते, आणि मूठ तिच्या हातास पुरत होती. मग दिनकररावांनी दारास तोंड लावून हाक दिली, "रेवा, बाळा, दार उघड."

लहान पावले आली. दारामागे थांबली. मग आतून आवाज आला, "शब्द सांगा."

याची हकीकत अशी. दिनकररावांनी काही काळापूर्वी सदर लिहिले होते की आजकाल चोर यंत्राकरवी घरच्या माणसाचा हुबेहूब आवाज काढितात, म्हणोन प्रत्येक कुटुंबाने आपसात एक खुणेचा शब्द ठरवावा. आणि खोडीप्रमाणे ते आधी घरी करून पाहिले. एका संध्याकाळी स्वतः जिन्यात उभे राहून यंत्राकडून आपल्याच आवाजात वदविले, "रेवा, दार उघड, खाऊ आणलाय." पोरीने आनंदाने दार उघडिले. मग दिनकरराव रागे भरले, म्हणाले, मी चोर असतो तर? पोर घाबरून रडू लागली. मग तिला जवळ घेऊन धडा दिला की आवाज खोटा असतो, चेहराही खोटा असतो, शब्द विचारल्यावाचून दार उघडावयाचे नाही, मग साक्षात आबा असोत. सदर फार गाजले. शब्द दर आठवड्यास बदलावयाचा, तो मोबाइल निवडून देई, आणि पोर पाठ करी. दिनकरराव पाठ करीत नसत.

"रेवा, मी आहे. आबा."

"आवाज यंत्र पण काढतं," आतून शांतपणे उत्तर आले.

शालिनीबाईंनी नवऱ्यास बाजूस सारिले. "राणी, मी आजी. दार उघड बघू. आत तेल तापलंय."

"आजीचा आवाज पण काढतं. शब्द सांगा."

"काय शब्द आहे हो?" शालिनीबाईंनी विचारिले.

दिनकररावांनी कपाळास हात लाविला. "आठवत नाही."

"आणि मला? मला का नाही सांगितलात?"

दिनकरराव खाली पाहू लागले. खरे कारण हे की बाईंच्या भिशीत गोष्टी फार होतात, तेथे शब्द फुटेल, असे त्यांस वाटले होते. ते त्यांनी तेव्हा सांगितले नाही, परंतु बाईंनी ओळखिले, आणि ज्या नजरेने पाहिले तशी नजर दिनकररावांनी सबंध संसारात पाहिली नव्हती. तेवढ्यात दाराखालच्या फटीतून तेल करपल्याचा वास आला. मारुतरावांनी आगीच्या बंबास कळविले, तो तिकडून निरोप आला की बंब निघाला आहे, परंतु सीमोल्लंघनाच्या मिरवणुकीने चौक भरला आहे, वाट मिळताच येतो. मग मारुतराव आपल्या घरात धावले. त्यांची पहार पूजेत मांडलेली होती; तिला त्यांनी हात जोडिले, फुले खाली ठेविली, आणि ती घेऊन आले. त्यांनी घाव घातले, पण चोराच्या भयाने दिनकररावांनी दारास लोखंडी पत्रा मढविला होता. घाव पत्र्यावर घणाणत, आणि आत पोर दचकून म्हणाली, "चोर आहेत! दार तोडतायत!"

"मारुतराव, थांबा," शालिनीबाई ओरडल्या. "घाबरून ती स्वयंपाकघरात पळेल."

घाव थांबले. मग दिनकररावांनी डोळे मिटून मागचे जे शब्द आठवत होते ते एकेक टाकिले. "रेवा, शब्द डाळिंब."

"चूक."

"कंदील?"

"चूक."

"गलबत! रेवा, गलबत असणार!"

मग पोर म्हणाली, "तीनदा चूक. आता बोलायचं नाही." हेही दिनकररावांनीच शिकविले होते. आणि पावले दारापासून दूर जाऊ लागली, आणि कोणीकडे जात आहेत ते बाहेरून कळेना, आणि मग एक खोकला ऐकू आला, तो लहान छातीतला.

शालिनीबाई दारावर दोन्ही हात आपटू लागल्या. "रेवा, इकडे ये! स्वयंपाकघरात जाऊ नकोस! बाई गं, तिकडे जाऊ नकोस!" दाराखालून धूर दिसू लागला, बारीक आणि करडा. मारुतरावांनी पहार बिजागरीत घालून जोर काढावयास आरंभ केला, तो लोखंड कुरकुरले मात्र, दार हलले नाही.

येथे दिनकररावांचा धीर सुटला. ज्या माणसाने हजारो लोकांस सावध केले, तो आपल्याच उंबऱ्यावर खाली बसला, आणि डोके दारास टेकिले, आणि रडू लागला. आधी आवाज दाबून पाहिला, तो दबेना. मग हमसून रडला, जसे आई गेली तेव्हा रडला होता. त्यात शब्द नव्हता, पोरीस बोलावणेही नव्हते. शालिनीबाईंचे हात दारावर थबकले, आणि मारुतरावांनी मान फिरविली.

आतली पावले थांबली. मग हळूहळू परत आली.

"आबा?"

बाहेर रडे तसेच चालले होते.

"आबा, तुम्ही रडताय?"

मूठ फिरली, कुलुपाने निळा दिवा दाखविला, आणि दार उघडले. शालिनीबाई पोरीस ओलांडून आत धावल्या, गॅस बंद केला, आणि कढईवर परात पालथी घातली. तेलाने नुकताच पेट घेतला होता. भिंत छतापर्यंत काळी जाहली, खिडकीचा पडदा एका कडेने जळाला, बाईंच्या मनगटास चटका बसला, आणि तेवढ्यावर निभावले. रेवा दारात उभी होती, नाक काळे, हातात रंगाचा खडू. दिनकररावांनी तिला इतके घट्ट धरिले की ती म्हणाली, "आबा, दुखतंय."

मग बंब येऊन गेला, खिडक्या उघडिल्या, आणि बाईंच्या मनगटास मलम लागले. दिनकररावांनी नातीस मांडीवर घेऊन विचारिले, "बाळा, मी शब्द चुकलो. तरी दार का उघडलंस?"

"तुम्ही रडत होता म्हणून."

"पण मी चोर असतो तर?"

पोरीने त्यांच्याकडे असे पाहिले की जणू तेच लहान आणि तीच शहाणी. "चोराचं यंत्र बोलतं, आबा. ते रडत नाही."

दिनकररावांची नजर आपल्या टेबलाकडे गेली. कारण असे की त्यांच्या टेबलाच्या खणात, चाचणीकरिता आलेले नवे यंत्र पडले होते, आणि ते रडत असे. हुकूम करिता हुंदके देई, नाक ओढी, मध्येच श्वास अडखळवी. त्यांनी स्वतः आपल्या आवाजात रडवून पाहिले होते, आणि आपलेच रडे ऐकून अंगावर काटा आला होता. येत्या रविवारी तेच लिहावयाचे होते. पोरीस आताच सांगावे, हा त्यांचा धर्म. त्यांनी तोंड उघडिले. पोर त्यांच्याकडे पाहत होती, आणि मनगट धरून बसलेल्या शालिनीबाईही पाहत होत्या.

"शाबास," दिनकरराव म्हणाले. पुढे बोलिले नाहीत.

येणेप्रमाणे तिसऱ्या मजल्यावरील दाराची हकीकत. मनुष्यहानी नाही, पुऱ्या जाहल्या नाहीत, दारास पुन्हा साधे कुलूप बसले, आणि त्याची एक किल्ली शालिनीबाईंच्या कमरेस आहे. रविवारी सदर निघाले. त्यात कुलुपाची निंदा होती, आपल्या विसरभोळेपणाची कबुली होती, आणि रयत फार हसली. रडणाऱ्या यंत्राविषयी त्यात अक्षर नव्हते. दिनकररावांनी ते यंत्र खणात कुलूपबंद केले आहे, आणि रोज लिहावयास बसतात, आणि ती एक गोष्ट टाळून दुसरे काही लिहितात. पोर निर्धास्त आहे.