चारची पावर

माझं अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ कुठं द्यायचं ते मला अजून नीट उमगलेलं नाही, तेव्हा वाचणाऱ्यानं आधीच माफ करावं. चौथी झाली आणि मी मेंढरांमागं गेले. शिवणात काजं करताना माझा हात चुकत नाही, पण वेलांटी कुठल्या बाजूला वळवायची या विचारातच माझी ओळ संपते. तरी आमच्या सर्जेराव भावजींबद्दल लिहावंसं वाटतं, कारण तोंडानं सांगायला मला जमणार नाही. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळूला चिकटते.

भावजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे चुलतभाऊ. आमच्या शेजारी राहतात, मधे फक्त एक दगडी गडगा. फौजेत बंदुका दुरुस्त करण्यात त्यांची उमर गेली. त्यांची एक खोड अशी की समोरच्यानं तोंड उघडलं की ते आधी त्याला श्वास सोडायला लावतात. एकदा वस्तीवरचा एकजण धापा टाकत त्यांच्या दारात आला.

"आदी श्वास सोड," भावजी म्हणाले.

त्यानं सोडला.

"पुरा सोड. आता अर्दा घे. हां, आता बोल."

तो म्हणाला, तुमच्या ज्वारीत मेंढरं शिरल्यात. तोवर मेंढरांचं जेवण उरकलं होतं. मेंढरं आमची होती, त्यामुळं मी गडग्याआड श्वास न सोडताच बसून राहिले.

बंदुकीचा घोडा ओढताना अर्धा श्वास धरायचा असतो म्हणे. पेन्शनीत आल्यावर भावजींनी छर्र्याची बंदूक घेतली होती आणि माळावर पत्र्याचे डबे टांगून ते रोज नेम धरायचे. फलटणच्या बाजूला एका बागाईतदाराच्या रानात हौशी लोकांची नेमबाजी भरते. पत्र्याच्या चकत्या उभ्या करतात, काही जवळ, काही लांब झुडपामागं, आणि ठरलेल्या वेळात त्या पाडायच्या. भावजींना तिथं उतरायचं होतं. पण वय झालं, नळीच्या टोकावरची नेमाची माशी नीट दिसेना. म्हणून बंदुकीवर दुर्बीण पाहिजे होती. ते तिला स्कोप म्हणतात.

त्याच सुमाराला मला शिलाई मशीनला मोटर बसवायची होती. पायानं मशीन मारून माझा गुडघा कुरकुरायला लागला होता. दोन बोकड विकून मी पैसे बाजूला ठेवले होते. आमचे मालक मुंबईला मार्केटात असतात; ते म्हणाले, सांगलीला चांगली मोटर मिळते, भावजींबरोबर जाऊन ये. गेलो.

आधी भावजींचं दुकान लागलं, हेच माझं नशीब. दुकानाचे मालक जैन होते, बोलायला गोड. त्यांनी पहिल्यांदा हातभर लांबीची एक नळी काढली. चोवीसची पावर, म्हणजे लांबची वस्तू चोवीसपट जवळ. भावजींनी ती माझ्या हातात दिली. मी उलट्या बाजूनं डोळा लावला आणि मला भावजी फार लांब, पार विट्याला असल्यासारखे दिसले. मी मान डोलावली आणि म्हटलं, चांगली आहे.

मालकांनी नळी फिरवून दिली. मग मी डोळा काचेला घट्ट चिकटवला, तर सगळा काळोख.

"मावशी, चार बोटं लांब धरा," ते म्हणाले. "बंदूक धक्का देते. इतका जवळ डोळा असला तर भुवई फुटंल."

लांब धरल्यावर रस्त्यापलीकडच्या गाड्यावरचं एक केळं दिसलं. एकच. त्याच्यावरचा काळा ठिपकासुद्धा दिसला. पण ते केळं अंगात आल्यासारखं नाचत होतं. मी म्हटलं, केळं हलतंय. भावजी म्हणाले, "केळं न्हाई हलत वैनी, तुमचा हात हलतोय. केळ्यासंगं तुमची थरथर बी चोवीसपट मोठी झाली."

मग एक आखूड नळी आली, चारच्या पावरची. तिच्यातून पूर्ण गाडा दिसला, गाडेवाला दिसला, आणि घासाघीस करणारी बाई दिसली. तिनं त्याची नजर चुकवून एक केळं जास्तीचं पिशवीत टाकलेलंही दिसलं. आणि काहीही नाचत नव्हतं.

"ह्यात माणसं दिसत्यात," मी म्हणाले.

"हीच," भावजी म्हणाले.

मालकांनी त्यांना समजावलं की लोक मोठीच घेतात. पण भावजींचं म्हणणं वेगळं होतं. मोठ्या काचेत झुडपामागची चकती शोधण्यातच वेळ जातो आणि आपलीच थरथर बघून बोट घाई करतं. शिवाय चुकलेला छर्रा कुठं लागला ते मोठ्या काचेत दिसत नाही, कारण तो काचेबाहेर गेलेला असतो. मालकांना ते पटलं. मग त्यांनी खरी अडचण सांगितली. छर्र्याच्या बंदुकीची स्प्रिंग मागंही हिसका देते आणि पुढंही, त्यात साधी काच खिळखिळी होते. चारच्या पावरीतच एक स्वस्तातली होती आणि एक हिसका सोसणारी, जवळच्या नेमासाठी केलेली. भावजींच्या खिशात स्वस्तातल्या काचेपुरतेच पैसे होते. त्यांच्या पेन्शनीचं कार्ड पुण्याला त्यांच्या मुलाकडं, विकासकडं असतं, आणि त्याच्याकडं मागितलं तर तो म्हणाला होता, आबा, ह्या वयात खेळणं कशाला?

भावजींनी माझ्याकडं बघितलं. मालकांनीही बघितलं. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, त्यांनीही बघितलं. मला लोकांसमोर नाही म्हणता येत नाही. हा माझा जुना आजार आहे. मी कनवटीचा रुमाल सोडला. मोठ्या मनाची बाई म्हणून मालकांनी मला चहा पाजला, आणि मोटरीच्या दुकानावरून येताना मी तोंड दुसरीकडं केलं.

घरी सासूबाईंनी नळी हातात घेऊन वर-खाली बघितली.

"मोटरीचं पैसं हिला घातलं व्हय?" त्या म्हणाल्या. "आता नळीनंच शिव."

मुंबईहून आमच्या मालकांनी फोनवर मोटर बसली का विचारलं. मी म्हटलं, बसेल.

त्या दिवसापासून भावजी माणसांनाही पावर लावायला लागले. वस्तीवर कुणाच्या भाकरीला किती पापुद्रे आले हे सांगणारी एक बाई आहे, ती चोवीसची. महिन्यातून एकदा घरी फोन करणारे आमचे मालक, ते बिनकाचेची बंदूक. मी किती पावरची, हे विचारायचं माझ्या ओठावर यायचं आणि तिथंच राहायचं.

स्पर्धेसाठी मी बंदुकीला जुन्या वाकळेची गवसणी शिवली. जायच्या सकाळी माप बघायला भावजींनी बंदूक आणून दिली आणि ते अंघोळीला गेले. मी गवसणी चढवत होते, तर स्कोपवरची एक टोपी निघाली आणि खाली एक फिरकी बोटाला लागली. ती सैल वाटली. डब्याचं झाकण सैल दिसलं की माझा हात थांबत नाही, आयुष्यभर तेच काम केलंय. मी ती चांगली पिळली. टिक टिक आवाज आला, तेव्हा वाटलं, चला, बसलं नीट. वर टोपी लावली आणि स्वतःवर खूश होऊन केसांना तेल लावलं.

भावजी म्हणाले, गवसणी तुमची, तर तुमी बी आलं पायजे. म्हणून मी फलटणला गेले आणि त्या रानात भावजींच्या मागं एका आंब्याच्या बुंध्याला पाठ लावून उभी राहिले. सगळे पुण्या-साताऱ्याचे, कमरेला पट्टे लावलेले. त्यांच्या दुर्बिणी एवढ्या मोठ्या की बंदूक त्यांच्याखाली अडकवलीय असं वाटावं. पण पोरं चांगली होती. भावजींना त्यांनी सावलीतली जागा दिली.

भावजींचा पहिला छर्रा चुकला. दुसराही. चकत्या तशाच उभ्या. त्या चकत्यांत मला माझी मोटर दिसत होती. ही काच फुकट गेली, तर भावजी हसं होऊन घरी येणार आणि मी जन्मभर पाय मारणार.

भावजींनी डोळा न काढता विचारलं, "वैनी, सकाळी हिला कुणी हात लावला?"

तेव्हा मला ते टिक टिक आठवलं.

"मी," मी म्हणाले. मग मलाच कळलं नाही, पण मी ओरडलेच. "वरचं झाकण सैल हुतं, मी घट्ट केलं!"

सगळं रान माझ्याकडं वळलं. एकजण हसला, मग सगळेच. त्या फिरकीनं म्हणे नेम वर-खाली करतात. माझ्या पिळण्यानं बंदुकीचा नेम खाली घसरला होता. मला वाटलं, आंबा दुभंगावा आणि मला आत घ्यावं.

भावजी हसले नाहीत. "बरं केलं," ते म्हणाले. "सैल काय ठिवू ने. आता श्वास सोडा."

किती पिळलं ते मला सांगता येईना आणि फिरकी उलटी फिरवत बसायला त्यांच्याकडं वेळ नव्हता. पण दुसरा छर्रा चकतीच्या खाली मातीत लागला होता आणि उडालेली धूळ त्यांना त्या आखूड नळीतून दिसली होती. कुठं चुकतंय ते दिसलं, तसं त्यांनी तेवढंच वर धरलं. चकती पडली. पुढची पडली. झुडपामागची तर सगळ्यांच्या आधी दिसली त्यांना. पहिला नंबर मोठ्या काचेवाल्या एका पोराचा आला, आणि तो खरंच चांगला मारत होता. भावजी तिसरे आले. बक्षीस म्हणून स्टीलचा एक डबा मिळाला.

घरी आल्यावर तो त्यांनी माझ्यापुढं ठेवला. "घ्या. झाकण किती बी पिळा."

तेव्हापासून दर बाजाराच्या दिवशी भावजी पैसे फेडायला यायला लागले. इस्त्रीचा शर्ट घालून यायचे, ओट्यावर बसायचे, चहा झाला की बशीखाली एक नोट सरकवायचे. हातात कधी दिली नाही. सासूबाई त्यांना म्हणायच्या, "सर्जा, अशा चालीनं मी मेल्यावर मोटर येईल रं." ते म्हणायचे, काकी, तुमी श्वास सोडा. मग कुणाच्या मेंढ्या कुठं गेल्या, कोणाची पोरगी भरतीत निघाली, असं तास-दोन तास चालायचं. मी मशीनवर पाय मारत ऐकायची. मी फार तर व्हय म्हणायची, पण त्यांना ते पुरत असावं. नोट मी बक्षिसाच्या डब्यात टाकायची आणि झाकण घट्ट लावायची.

जत्रेला विकास आला. माझ्या पाया पडला आणि म्हणाला, "काकी, आबांनी तुमचे पैसे दिले ना? मी दिवाळीलाच सगळे पाठवले होते. उगाच खेळणं म्हणालो तेव्हा, मला वाईट वाटत होतं."

मी मशीनच्या सुईकडं बघितलं. "दिलं की," मी म्हणाले. "कवाच."

तो गेल्यावर मला राग आला. दिवाळीपासून पैसे घरात आहेत आणि हा माणूस मला बशीखालून एकेक नोट देतोय, माझा गुडघा इथं दुखतोय. ठरवलं, येत्या बाजाराला तोंडावर विचारायचं. शब्दसुद्धा जुळवून ठेवले. बाजाराच्या दिवशी सकाळी गडग्यावरून बघितलं, तर भावजी अंगणात शर्टाला इस्त्री करत होते. एका शर्टाला इतका वेळ. कॉलर झाली की पुन्हा कॉलर. मग चहाच्या वेळेची वाट बघत दारात नुसते बसले, शर्टाला सुरकुती पडू नये म्हणून पाठ न टेकता. त्या घरात दुसरा आवाज नव्हता.

ते आले, बसले, नोट सरकवली. मी जुळवलेले शब्द चहात साखर घालताना विरघळून गेले. आजार, दुसरं काय.

त्या दिवशी मशीनवरून उठताना माझा गुडघा अडकला. मी भिंत धरली, थोडी थांबले, मग आत गेले. भावजी त्या वेळी सासूबाईंना काहीतरी सांगत होते. सांगता सांगता मधेच थांबले. मला वाटलं, चहा संपला असेल.

पुढच्या बाजाराला ते इस्त्री न करता आले. चहा व्हायच्या आधीच त्यांनी खिशातून राहिलेले सगळे पैसे काढले आणि पहिल्यांदाच माझ्या हातात द्यायला हात पुढं केला. तो हात थरथरत होता. मोठ्या काचेतून बघितलं असतं तर खूप काही दिसलं असतं. मी तेवढं जवळून बघितलं नाही. मला ओट्यावर बसलेला एक माणूस दिसला, त्याच्या मागं गडगा, आणि गडग्यापलीकडं त्याचं बंद दार.

"मोजून घ्या," ते म्हणाले. "आता मोटर आणा. आता माझं काय ऱ्हायलं न्हाई."

मी एका दमात बोलले. "मोटर बसवायला माणूस लागतो, मला जमत न्हाई, आन् तिचा पट्टा सारखा सैल हुतो म्हणत्यात, दर बाजाराला कुणीतरी येऊन बघावा लागंल, आन् तुमी बंदुका नीट केल्यात तर पट्टा काय, तवा तुमीच—"

"वैनी," भावजी म्हणाले, "आदी श्वास सोडा."

मी सोडला.

"येतो," ते म्हणाले. "पट्टा सैल ठिवून चालत न्हाई."

आतून सासूबाईंनी विचारलं, फिटलं का गं एकदाचं? मी पैसे न मोजता डब्यात टाकले, चहाचं आधण ठेवलं आणि म्हटलं, व्हय, सगळं फिटलं. डब्याचं झाकण तेवढं लावायचं राहून गेलं.