आई आता

मुकुलच्या प्रोग्रॅमवर महाडच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये एकाच माणसाचा विश्वास होता, आणि तो माणूस म्हणजे मुकुल. मोडेम लावून पोलादपूरच्या शाखेला फोन जोडायचा, दोन्ही मशीनमध्ये सॉकेट, म्हणजे मजकूर ये-जा करायचं दार, उघडायचं, इकडे टाइप केलेली अक्षरं तिकडे पडद्यावर उमटवायची. क्लासचे मालक हरिभाऊ म्हणत, फोन लागलाच आहे तर तोंडाने बोलावं की. पहिला खरा निरोप नीट पोचला नाही, तर मोडेम विकून पंखा घेणार, असं त्यांनी बजावलं होतं.

एका दुपारी मुरारी आला. पोलादपूरच्या वरच्या वाडीतला शेतकरी. बायको चंद्रभागा महाडच्या दवाखान्यात, अपेंडिक्सचं ऑपरेशन नुकतंच सुखरूप पार पडलेलं. वाडीत फोन नव्हता, पण धाकटा भाऊ चांगू आज बाजाराला उतरून पोलादपूरच्या क्लासखालीच चहाला बसणार होता. "यक फोन लावता काय, सर?" एवढंच मुरारीने विचारलं.

मुकुलने त्याला खुर्चीत बसवलं. "फोनवर एकाचं दोन होतं, काका. यात अक्षर न् अक्षर जातं." मग त्याने निरोप टाइप केला. पहिली ओळ: चंद्रभागेचे ऑपरेशन झाले. भरतला मुंबईला कळव, की आई आता. दुसरी ओळ: ठणठणीत आहे. कोणी येऊ नका, रविवारी घरी आणतो.

पडद्यावर 'पूर्ण गेला' असं उमटलं, आणि मुकुलने खुशीत स्वतःला मिसळ खाऊ घातली. निरोप गेला होता पूर्णच. पण सॉकेटमधला मजकूर नळाच्या पाण्यासारखा येतो, थोडा आत्ता, थोडा मग. पोलादपूरच्या बाजूने त्याने ओंजळ एकदाच धरली होती. आलं तेवढं घेऊन प्रोग्रॅम बंद. चाचणी त्याने एकाच टेबलावरच्या दोन मशीनवर घेतली होती, आणि तिथे 'हॅलो' नेहमी अख्खं पोचायचं.

पोलादपूरची शाखा सांभाळणाऱ्या समीक्षा मॅडमच्या पडद्यावर 'आई आता' एवढ्यावरच निरोप थांबला. परगावची बाई असती तर तिने फोन उचलून पुढचं विचारलं असतं. समीक्षा इथलीच होती. या बाजूला वाईट बातमीचा शेवटचा शब्द कोणी उच्चारत नाही. 'जरा सिरीयस हाय' म्हणायचं, ऐकणाऱ्याने समजायचं. लिहिणाऱ्याचा हातच पुढे गेला नाही, असं वाटून तिचे डोळे भरून आले. तिने चांगूला वर बोलावलं, पाणी दिलं, पडदा दाखवला. चांगूने काही विचारलं नाही, कारण विचारायची पद्धत नाही. त्याने एसटीडी बूथवरून पुतण्याला सांगितलं, "भरत, आई जरा सिरीयस हाय. निघ." भरतनेही काही विचारलं नाही.

सकाळी मुकुल कौतुक ऐकायला दवाखान्यात पोचला, तर दाराशी जीप उभी होती. वाडीतल्या पांढऱ्या टोप्या गुडघ्यांत माना घालून बसल्या होत्या. चांगू टॉवेलखाली मडकं झाकत होता. पायरीवर भरत, दोन गणपती आणि एक शिमगा चुकवलेला, डोकं भिंतीला टेकून बसला होता. एवढ्यात मुरारी थर्मास घेऊन आतून आला.

"तुमी सगली कशाला आलाव? आनि ह्या मडका कशाला रे?"

चांगू गळ्यात पडून रडायला लागला. मुरारीला काहीच उमगेना. "अरे, ती वर बिस्कुटा खातेय," तो म्हणाला.

भरत जिना चढून गेला. बऱ्याच वेळाने खाली आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. "निरोप कोनी धाडला?"

मुरारीने अभिमानाने मुकुलकडे बोट दाखवलं. भरतने त्याची कॉलर धरली, तोंड उघडलं, आणि मग तसाच त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला. कोणी मेलं नव्हतं. मारही पडला नव्हता. मुकुलला इतकं सुटल्यासारखं वाटलं की तोही थोडा रडला. चांगूने मडकं दवाखान्यालाच देऊन टाकलं, पिण्याच्या पाण्यासाठी.

संध्याकाळपर्यंत मुकुलने प्रोग्रॅम दुरुस्त केला: शेवटचं अक्षर हाती पडेपर्यंत वाचतच राहायचं. रविवारी चंद्रभागेला घरी नेण्याआधी त्याने तिला मुद्दाम सांगितलं, "काकू, चूक माझी होती. आता निरोप कधीच अर्धा जाणार नाही."

तिने जीपकडे पाहिलं. भरत मागच्या सीटवर तिच्यासाठी गोधडी अंथरत होता. चार दिवस रजा काढून तो इथेच राहिला होता. ती मुकुलच्या जवळ सरकली.

"पोरा, नीट कशाला केलास?" ती हळूच म्हणाली. "शिमग्याला मी त्याला कसा बोलवू?"

क्लासवर परत आल्यावर मुकुलने जुन्या प्रोग्रॅमची फ्लॉपी पुसायला घेतली आणि न पुसताच बाहेर काढली. मग तिच्यावर चिठ्ठी चिकटवली: 'चंद्रभागाकाकू, शिमगा'.