फक्कीचा बाण

आधीच सांगून ठेवतो, स्काउटच्या बाबतीत मला कुणी काही शिकवू नये! औरंगाबादेला दहा दिवसांचं शिबिर करून आलेला आमच्या भागातला मी एकटा मास्तर. खाकी हाफ पँट, गळ्यात स्कार्फ, छातीवर शिट्टी, डोक्यावर टोपी. शिबिरातून परत येताना एसटीच्या कंडक्टरनं मला चक्क 'साहेब' म्हणून तिकीट दिलं! घरी आल्यावर आमच्या प्रभावतीनं मात्र दारातच मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "पँटीला कापड कमी पडलं का?"

बायकांना यातलं काय कळतं! मी आठवड्याच्या आत सोळा पोरांचं पथक उभं केलं. संघनायक म्हणून इनायतला नेमलं. सातवीतला पोरगा, चुणचुणीत, दोरीच्या गाठी माझ्यापेक्षा चांगल्या मारायचा. माझ्यापेक्षा म्हणजे, शिबिरात गाठींच्या तासाला मी स्वयंपाकाच्या तुकडीत होतो. ते जाऊ द्या.

गाव आमचं धावड्याच्या अलीकडे. साल त्र्याहत्तर. दुष्काळानं विहिरींचे तळ उघडे पडलेले. अर्धं गाव पहाटे उठून दोन कोसांवरच्या खडी केंद्रावर जायचं, सरकारी कामावर खडी फोडायला. सकाळी सातच्या हजेरीला जो हजर तो कामावर, ज्याला उशीर झाला त्याचा दिवस बुडाला. अशा दिवसांत मी पोरांना 'सदैव तयार' राहायला शिकवत होतो. कशासाठी तयार, ते मलाही नक्की माहीत नव्हतं.

एका गुरुवारी हेडमास्तर अण्णासाहेबांनी मला बोलावलं.

"रामकिसन मास्तर, रविवारी नऊ वाजता औरंगाबादहून स्काउटचे जिल्हा संघटक येणार आहेत. पथक बघायला. काहीतरी करून दाखवा. अन् जे कराल ते साधं करा."

"सर, तुम्ही बिलकुल काळजी करू नका!"

अण्णासाहेबांनी लगेच पाण्याचा तांब्या जवळ ओढला. माझ्या तोंडून हे वाक्य ऐकलं की त्यांना तहान लागते.

मी 'मागोवा' ठरवला. म्हणजे असं, की स्काउट मास्तरनं वाटेवर खुणा करून पुढे जायचं आणि पोरांनी त्या खुणा वाचत वाचत मागून यायचं. बाण म्हणजे 'इकडून या'. फुली म्हणजे 'इकडे जाऊ नका'. शेवटी एक गोल आणि त्यात ठिपका, म्हणजे 'मी घरी गेलो', खेळ संपला. शिबिरात या खुणा काड्यांनी आणि दगडांनी वीतभर करायला शिकवतात. पण आमच्या गायरानातल्या शेळ्या रात्रभरात एक काडी जागेवर ठेवतील तर शपथ! शिवाय वीतभर खूण संघटकांना दिसणार कशी? म्हणून मी पद्धतीत सुधारणा केली. कबड्डीच्या मैदानासाठी शाळेत फक्कीचं पोतं पडून होतं. तो पांढरा चुना बादलीत घेतला आणि शनिवारी संध्याकाळी गायरानात एकट्यानं सगळ्या खुणा आखल्या. बाण चांगले दहा-दहा फुटी! फुली बैलगाडी मावेल एवढी! आणि ओढ्याच्या काठी शेवटचा गोल असा काढला, की आकाशातून जाणाऱ्यालासुद्धा कळावं मी घरी गेलो म्हणून.

घरी आलो तेव्हा माझ्या मिशांवरही फक्की होती. मला झोप फार छान लागली.

रविवारी आठ वाजता पथक घेऊन, शिट्टी वाजवत, लेफ्ट-राइट करत गायरानात पोचलो. आणि शिट्टी तोंडातच राहिली.

गायरानात साठ-सत्तर माणसं उभी! बाया, बाप्ये, म्हातारे. खांद्यावर कुदळी, डोक्यावर टोपल्या, हातात फावडी. जत्रेला आल्यासारखी खुशीत. मला बघताच एकच गलका झाला, "आले, आले! गुरुजी आले!"

पुढे पुंजारामबाबा होते. तालुक्यातल्या प्रत्येक दुष्काळी कामावर राबलेला माणूस. त्यांचा शब्द या बाबतीत इंजिनियरच्या वर.

"गुरुजी, बराबर वळखलं का न्हाई मी?" ते म्हणाले. "रातीच बघितलं. म्हनलं, गायरानात फक्की पडली, म्हंजी काम निघालं! ह्यो लांब बाण म्हंजी पाट. ही फुली म्हंजी हितं पाट फुटनार. अन् वढ्याकाठी गोल हाय, ती हीर! घरोघर सांगून आलो. आज कोनीच खडीवर गेलं न्हाई!"

आता इथे तुम्ही म्हणाल, मास्तर, तिथल्या तिथे सांगून टाकायचं ना! मीही घरी बसून तेच म्हणतो. पण आमच्याकडे फक्की पडणं म्हणजे सरकारची सही पडणं. दुष्काळात जिथे जिथे फक्की पडली, तिथे तिथे दुसऱ्या दिवशी काम निघालं होतं. माणसांचं काही चुकलं नव्हतं. त्यात मी उभा खाकीत! शिरगणती असो, मतदान असो, देवीची लस असो, सरकारचं प्रत्येक काम शेवटी मास्तरच्याच गळ्यात पडतं. तेव्हा या कामाची हजेरीही मास्तरच घेणार, यात त्यांना नवल ते काय वाटावं?

मी तोंड उघडलं. "अहो, ऐका, हे म्हणजे..."

तेवढ्यात गोजरबाई पुढे आल्या. शाळेच्या मागच्या गल्लीत राहायच्या. गुडघा धरून, लंगडत.

"गुरुजी, लई बरं केलं तुमी," त्या म्हणाल्या. "लेक बाळंतीन हाय घरी. दोन कोस जाऊन, दोन कोस येऊन माझा गुडघा गेला. अंधार पडल्यावर लेकीचं तोंड बघाया भेटतं. आता दुपारी जाऊन बाळाला न्हाऊ घालून येईन. माझं नाव पैलं लिव्हा."

मी नाव लिहिलं!

खरंच लिहिलं हो. हातात पथकाच्या गुणांची वही होती. तिच्यात 'वाघ संघ', 'गरुड संघ' अशा रकान्यांखाली मी लिहिलं, गोजरबाई. मग पुंजाराम. मग सगळी माणसं. प्रत्येक नावागणिक वाटत होतं, आता सांगतो, पुढच्या नावाला सांगतो. वाघ संघ भरला, गरुड संघ भरला, सांगणं काही झालं नाही. नाव लिहिलं गेलं की माणूस कुदळ घेऊन बाणाकडे पळायचा. अर्ध्या तासात पहिला बाण हातभर खोल गेला!

इनायत माझ्याजवळ येऊन कुजबुजला, "गुरुजी, ये लोकं तं आपले निशान खोदून राह्यले. आता माग कसा काढायचा?"

"खड्डे बघत जा," मी म्हणालो.

आणि पोरं गेली! हातभर खोल बाणातून रांगेनं पळाली, फुलीपाशी आज्ञाधारकपणे थांबली, वळली आणि ओढ्याकाठी पोचली. पथकाचा पहिला मागोवा यशस्वी झाला. मी मात्र घाईघाईनं स्कार्फ सरळ केला, कारण समोरून धुरळा उडवत जीप येत होती.

दुष्काळात जीप म्हणजे सरकार! माणसं दुप्पट जोरानं खणायला लागली. जिल्हा संघटक खाली उतरले. तेही खाकीत. त्यांनी चहूकडे पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

"मास्तर!" ते म्हणाले. "श्रमदान! एवढ्या दुष्काळात तुमचं पथक गावाला घेऊन विहीर खोदतंय! मी जिल्हाभर फिरतोय, असं पथक पाहिलं नाही. कुणाची कल्पना?"

"थोडीफार... माझीच," मी म्हणालो. लाज वाटते सांगायला, पण म्हणालो.

संघटकांनी खूश होऊन इनायतच्या पाठीवर हात ठेवला. "स्काउटचा पहिला नियम सांग बरं, बाळ!"

इनायतनं टाचा जुळवल्या, तीन बोटांचा सलाम ठोकला आणि सगळ्या गायरानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "स्काउट विश्वसनीय असतो!"

मला त्या आठ फुटी गोलात उडी मारावीशी वाटली. पण तो अजून गुडघाभरच खोदला होता.

तेवढ्यात पुंजारामबाबा घाम पुसत आले. संघटकांना हात जोडून म्हणाले, "साहेब, पाट कुठपस्तोर न्यायचा? गुरुजीनं नावं लिव्हली, पर पुढलं काही सांगितलं न्हाई."

संघटकांनी माझ्याकडे पाहिलं. सत्तर माणसांनी माझ्याकडे पाहिलं. सोळा पोरांनी पाहिलं. ते सर्वांत वाईट होतं.

"काम नाही," मी म्हणालो. "हा खेळ आहे."

"कशाचा खेळ?"

"पोरांचा. मी खुणा करायच्या, पोरांनी खुणा वाचत मला शोधायचं."

पुंजारामबाबांनी जरा विचार केला. "पर तुमी तं हितंच हुभे हाये की, गुरुजी!"

कुणी हसलं नाही. हसले असते तर मला बरं वाटलं असतं.

"मंग ह्यो गोल?" त्यांनी विचारलं. "हीर न्हाई?"

"नाही. त्याचा अर्थ, 'मी घरी गेलो'."

गोजरबाई गुडघाभर गोलात उभ्या होत्या. त्यांनी टोपली उलटी करून झटकली. शिवी नाही, शाप नाही. फक्त एवढंच विचारलं, "मंग आमची आजची हजेरी?"

साडेनऊ झाले होते. खडी केंद्राची हजेरी सातलाच उठली होती. सत्तर माणसांचा दिवस मी एका बादलीभर फक्कीत बुडवला होता. गोजरबाई एक हात गुडघ्यावर टेकून वर चढल्या आणि लंगडत निघून गेल्या. संघटक जीपमध्ये बसताना माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुढच्या वेळी काड्या वापरा."

त्या दिवशी मी जेवलो नाही. प्रभावतीनंही आग्रह केला नाही, त्यावरून काय ते समजा.

सोमवारी अण्णासाहेबांपुढे जाऊन उभा राहिलो. "सर, भरपाई करणार! पुढच्या रविवारी सगळं पथक खडी केंद्रावर नेतो. आम्ही खडी फोडायची आणि ती या माणसांच्या ढिगात टाकायची. गोजरबाईंच्या ढिगापासून सुरुवात. ढीग मोजूनच काम धरतात, म्हणजे बुडालेला दिवस भरून निघेल. तुम्ही बिलकुल..."

अण्णासाहेबांनी तांब्या ओढला.

रविवारी आम्ही सातच्या आत केंद्रावर हजर! पोरं फटाफट कामाला लागली. मी गोजरबाईंच्या शेजारी बसलो, त्यांना म्हणालो, "गोजरबाई, आज तुम्ही हात लावू नका. तुमचा ढीग माझ्याकडे लागला." चांगला दगड निवडला, हातोडी डोक्याच्या वर नेली. पहिला घाव दगडाच्या उजवीकडे पडला. दुसरा डावीकडे. तिसरा बरोबर बसला, माझ्या अंगठ्यावर!

पुढचं मला तुटक आठवतं. मी ओरडलो. मग आकाश दिसलं. मग गोजरबाईंचा आवाज, "पानी आना, जल्दी!" त्यांनी लुगड्याचा पदर फाडला आणि माझा अंगठा घट्ट बांधला. पण खरी कमाल पथकानं केली! इतके दिवस शिकलेला प्रथमोपचार, आणि आज पहिल्यांदा खराखुरा रुग्ण! पोरांच्या अंगात आलं. दोन लाठ्या, चार शर्ट, इनायतच्या पक्क्या गाठी, की झाली झोळी तयार! अंगठा फुटला होता, तरी मला त्यांनी आडवं घातलं. आठ पोरांनी उचललं, आठ पोरं पाळीपाळीनं बदलायला मागे. म्हणजे सोळाच्या सोळा निघाली. ढीग होता तिथेच राहिला. सत्तर माणसं हातोड्या थांबवून बघत होती. मी डोळे मिटून घेतले, बेशुद्ध नव्हतो तरी.

आणि गोजरबाईही निघाल्या! "पोरांच्या भरवशावर कसं धाडावं?" म्हणत, माझा हात वर धरून, दोन कोस, लंगडत. त्या परत खडीवर पोचेपर्यंत उन्हं कलली. म्हणजे त्यांचा एक दिवस बुडाला होता, तो भरून द्यायला मी गेलो आणि दीड करून आलो.

माझ्या दारात मला उतरवल्यावर त्या जरा टेकल्या. प्रभावतीनं दिलेलं पाणी प्यायल्या, गुडघा चोळला. मला वाटलं, आता बोलतील, आणि बोलावंच त्यांनी. बोलल्या, पण अगदी मऊ आवाजात, आजाऱ्याशी बोलतात तसं.

"गुरुजी, येत्या इतवारी तुमी येऊ नका. फकस्त पोरं धाडा."

मी पोरं धाडली. संध्याकाळी इनायत धुळीनं पांढरा होऊन सांगत आला, गोजरबाईंचा ढीग सगळ्या केंद्रात मोठा भरला, दीड काय, दोन दिवसांचा!

"एवढा कसा रे भरला?" मी विचारलं.

तो पोरगा खोटं बोलत नाही. स्काउट ना! म्हणाला, "आज किसीको उचलायला लागलं न्हाई, गुरुजी."