बगळीच्या सीमोल्लंघनाची हकीकत

नमन चार चाकांस, आणि नमन त्या पाचव्यास, जे मागल्या डिकीत हवा गेलेल्या स्थितीत निजलेले असते आणि ज्याचा भरवसा कोणी धरू नये. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभन नाम संवत्सरे, आश्विन शुद्ध दशमी, भौमवार, ते दिवशी एका राज्यात काय वर्तले ते लिहितो. लिहिणारास अलंकार येत नाहीत. घडले तैसे लिहिले आहे.

राज्य म्हणजे दुसऱ्या मजल्यावर तीन खोल्या, एक गॅलरी आणि खाली पत्र्याच्या छपराखाली मोटारीपुरती जागा. राजे नाना, वय सत्तरीपलीकडे, दोन्ही गुडघे फितूर जाहलेले. राणीसाहेब हेमलताबाई गतवर्षी भाद्रपदात गेल्या, आणि राजांनी वर्षभर सण केला नाही, आणि वर्षश्राद्ध जाहले, मग हा पहिला दसरा आला. राज्यात एक पांढरी मोटार होती, तीस वर्षांची, तिला राणीसाहेब बगळी म्हणत. चालवीत राजे, परंतु तिचे तेल, पाणी, धुणे, पुसणे हा कारभार राणीसाहेबांचा, आणि राजांनी त्यात कधी लक्ष घातले नाही, कारण लक्ष घातले तर काम अंगावर पडते. दर दसऱ्यास दोघे बगळीत बसून जुन्या जकात नाक्यापलीकडे जात, तेथील आपट्याची पाने एकमेकांस देत, भजी खात आणि परत येत. यास सीमोल्लंघन म्हणत. याहून मोठी मोहीम या राज्याने केली नाही.

युवराज निनाद परमुलखी चाकरीस असत, ते दसऱ्यास आले. बगळी भंगारात द्यावी हे त्यांचे मत जुने होते, आणि ते अगदीच गैर नव्हते, कारण ज्येष्ठात ती उड्डाणपुलावर बंद पडून राजे दोन तास उन्हात उभे राहिले होते आणि घरी येऊन भोवळ आली होती. मग आदल्या दिवशी तह ठरला. युवराज बोलिले, "बाबा, उद्या ती कुणी न ढकलता नाक्यापर्यंत जाऊन आली, तर मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही गेली, तर चार वाजता माणूस येऊन घेऊन जाईल." राजे बरे म्हणाले. बगळीचे डावे आसन राणीसाहेबांच्या उंचीच्या बेताने पुढे सरकवलेले होते आणि वर्षभर कोणी मागे केले नव्हते, हे राजे बोलिले नाहीत.

मग दसऱ्याचे सकाळी राजांनी स्वहस्ते बगळीस स्नान घालण्याचे मनावर घेतले. युवराजांचे डोळे दिपावेत म्हणून बाहेरचे अंग धुतलेच, आणि बॉनेट उघडून नळीने आतले इंजिनही असे न्हाऊ घातले की त्याचा जन्मापासूनचा मळ गेला. मग झेंडूची माळ घातली, कुंकवाचे स्वस्तिक काढिले, चाकांखाली लिंबे ठेविली, नारळ फोडिला, आणि आसनावर बसून किल्ली फिरविली. बगळी खर्र खर्र बोलिली आणि थांबली. पुन्हा फिरविली. पुन्हा तेच. तीन वर्षांचे पोर शाळेच्या दारात जे करते तेच ती करीत होती.

तेव्हा शेजारचे केळुस्कर लेंग्यावरच खाली आले. हे निवृत्त अंमलदार असून यांस न विचारता सल्ला देण्याचा वंशपरंपरागत हक्क होता. राजांचे आणि यांचे अकरा वर्षे फारसे बोलणे नव्हते, कारण दोरीवरून राजांचे एक बनियन नाहीसे जाहले होते आणि राजांनी ते केळुस्करांच्या अंगात असल्याचे चारचौघांत म्हटले होते. तरी सणाचा दिवस म्हणून ते बोलिले, "नाना, बॅटरी गेली." मग त्यांच्या मोटारीतून तारा लावून बगळीस वीज दिली, आणि ती पहिल्यापेक्षा जोराने खर्र बोलिली, आणि तितक्याच जोराने थांबली. मग पेट्रोल नसेल म्हणाले, तर पेट्रोल होते. मग ढकलून पाहू म्हणाले. युवराजांनी ढकलणे तहात बसत नाही असे सांगितले आणि स्वतःच ढकलू लागले. इमारतीस दोन प्रदक्षिणा जाहल्या, माळ तुटली, लिंबांचा चेंदा जाहला, केळुस्करांच्या लेंग्याची नाडी सुटली. बगळी ढिम्म.

अडीच वाजले. मग बाबालाल मिस्त्रींस निरोप धाडिला. हे बगळीचे वीस वर्षांचे वैद्य. ते आले, परंतु रिकाम्या हातांनी आले. कारण पुसता म्हणाले, "पान्हे पूजेला बसलेत साहेब. पोरांनी कुंकू लावलंय. उद्यापर्यंत उठवता येत नाहीत." युवराज म्हणाले, तुम्ही तर नमाज पढता, तुम्हांस खंडेपूजेचे काय. बाबालाल म्हणाले, "मी पढतो. पान्हे नाही पढत. गॅरेजची रीत आहे, माझ्या उस्तादापासूनची." मग हात मागे बांधून ते बगळीभोवती फिरले, बॉनेटमध्ये डोकावले, वास घेतला आणि विचारिते जाहले, "साहेब, हिला धुतलं कुणी?"

"मी."

"आतनंसुद्धा?"

"आतून तर चांगली दोन वेळा."

मग बाबालाल यांनी सांगितले की इंजिनात ठिणगी वाटणारी एक काळी डबी असते, तीत पाणी गेले की ठिणगी मरते, आणि म्हणून राणीसाहेब धुण्याआधी त्या डबीवर दुधाची पिशवी चढवून वरून रबर लावीत. हे ऐकोन राजे खाली पाहू लागले. राणीसाहेब दुधाच्या पिशव्या धुऊन गॅलरीत वाळत घालीत, आणि राजे त्यांस राज्याची निशाणे म्हणून वीस वर्षे हसले होते, आणि वर्षश्राद्धाआधी घर आवरताना तो सारा गठ्ठा त्यांनीच कचऱ्याच्या गाडीत दिला होता.

बाबालाल म्हणाले, डबीचे झाकण दोन चापांवर आहे, पान्ह्यावाचून निघते, परंतु पुसायास कोरडे, मऊ सुती फडके पाहिजे. केळुस्करांनी रुमाल काढिला, तो घामाने भिजलेला. युवराज वर जाण्यास निघाले. तेव्हा बाबालाल म्हणाले, "वर कशाला. बाई डावीकडच्या कप्प्यात ठेवायच्या."

तो डाव्या आसनापुढला कप्पा राजांनी तेरा महिने उघडिला नव्हता. आता घड्याळात साडेतीन जाहले होते, म्हणोन उघडिला. आत दुधाची एक पिशवी, चौघडी केलेली, तीवर रबर, आणि खाली मऊ पांढरे कापड. ते उलगडिले तो बनियन निघाले. डाव्या खांद्याशी सिगारेटीचे भोक होते. अकरा वर्षांमागे राजांनी देवापुढे सिगारेट सोडल्याची शपथ घेतली, आणि आठवड्याने गच्चीत ओढताना ते भोक पाडिले, आणि बनियन नाहीसे जाहले तेव्हा केळुस्करांवर आळ घालून सुटले, असा तो इतिहास. राणीसाहेबांस सारे ठाऊक होते. त्यांनी अवाक्षर न काढिता त्याचे फडके केले.

केळुस्करांनी बनियन पाहिले, आणि भोक पाहिले, आणि म्हणाले, "साईजसुद्धा माझी नाही, नाना."

राजे म्हणाले, "चुकलं माझं." हे ते दोघांस म्हणाले, आणि त्यातील एकानेच ऐकिले.

मग बाबालाल यांनी चाप काढोन डबी बनियनाने आतबाहेर पुसली, आणि उन्हात दहा घटका ठेविल्यासारखी वाटली तरी दहाच मिनिटे ठेविली, आणि झाकण बसविले. राजांनी किल्ली फिरविली. बगळी खर्र बोलिली, खोकली, मागून काळा धूर सोडिला आणि चालू जाहली. इतक्यात भंगारवाला टेंपो घेऊन दारी आला. युवराजांनी त्यास आपट्याचे पान देऊन वाटेस लाविले, आणि डावे दार उघडून बसू लागले, तो गुडघे डॅशबोर्डास लागले. आसन मागे घेण्यास हात खाली नेला, राजांकडे पाहिले, आणि हात वर घेऊन गुडघे पोटाशी धरोन तसेच बसले. नाक्यापर्यंत सात मैल तसेच बसले. बगळी वाटेत कोठे थांबली नाही. नाक्यापलीकडे राजांनी एक पान युवराजांस दिले, आणि एक चौघडीच्या पिशवीत घालून डाव्या कप्प्यात ठेविले.

तात्पर्य इतके की पाणी आत गेले होते, ते पुसिले, गाडी चालू जाहली. केळुस्करांशी बोलणे सुरू आहे. बनियन धुऊन गॅलरीत वाळत घातले आहे, आणि त्याचे शेजारी दुधाच्या तीन पिशव्या.